‘थंड झाली की सुरू होते’

आमचं गाव सावली. चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीला जाताना, वैनगंगेच्या अलीकडे लागतं. गावाचं नाव ऐकलं की हॉस्टेलवरच्या पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी म्हणतात, "वा, किती गारेगार नाव आहे!" त्यांना एकदा मे महिन्यात दुपारी दोन वाजता आमच्या एस.टी. स्टँडवर उभं करायची माझी फार इच्छा आहे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ना, तसं नाव सावली आणि पारा ४५-४६ वर! चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही आमच्याच जिल्ह्यातली गावं देशातल्या सर्वांत उष्ण ठिकाणांच्या यादीत दर उन्हाळ्यात पेपरात झळकतात, तेव्हा आम्हाला उगीचच अभिमानही वाटतो.

तर या गावात आबाजींची, म्हणजे माझ्या आजोबांची, १९८६ सालची पेट्रोल कार आहे. ग्रीन टॅक्स भरून, पासिंग करून, अजून रस्त्यावर ठेवलेली. गाडीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात कंपनीचा काहीच दोष नव्हता. दोष माझा होता. हा लेख म्हणजे जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीला उन्हाळ्यात काय काय होतं, ते कसं ओळखायचं, आणि मी ते कसं चुकीचं ओळखलं, याची गोष्ट आहे.

आता तुम्ही म्हणाल, आजच्या काळात कार्ब्युरेटर कोणाला हवाय? आपल्याकडे नव्या कारमधून तो २००० सालच्या आसपास गेला आणि नव्या मोटरसायकलींमधून २०२० साली बी.एस.-६ आल्यावर गेला. मुंबईची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची उतरली. खरं आहे. पण आपल्या हॉस्टेलच्या स्टँडवर निदान दोन जुन्या बुलेट आणि एक राजदूत उभी असते, आणि वर्कशॉपमधल्या सरांकडे जुनी जीप आहे हे सगळ्यांना माहीत आहे. शिवाय या लेखातला मुद्दा फक्त गाडीपुरता नाही. तो शेवटी येईलच.

पेट्रोल उकळतं म्हणजे नेमकं काय?

पाणी १०० अंशांना उकळतं, हे आपल्याला पाचवीपासून पाठ आहे. पेट्रोलचं तसं नाही. पेट्रोल म्हणजे एक पदार्थ नव्हे, ती शेकडो हायड्रोकार्बनची मिसळ आहे. त्यातले हलके घटक साधारण ३५ अंशांपासूनच वाफ व्हायला लागतात आणि सर्वांत जड घटकांना २०० अंशांच्या पुढे जावं लागतं. थंडीत सकाळी इंजिन पटकन सुरू व्हावं म्हणून हे हलके घटक लागतातच. तेच घटक मे महिन्यात दुपारी घात करतात.

किती हलके घटक ठेवायचे याला नियम आहे. आपल्या पेट्रोलचं भारतीय मानक आहे आय.एस. २७९६. त्यात रीड व्हेपर प्रेशर मोजलं जातं, म्हणजे सुमारे ३८ अंशांना पेट्रोलच्या वाफेचा दाब किती भरतो ते. आणि 'व्हेपर लॉक इंडेक्स' नावाचा एक आकडा काढतात. सूत्र सोपं आहे. वाफेचा दाब किलोपास्कलमध्ये घेऊन त्याला १० ने गुणायचं आणि ७० अंशांपर्यंत किती टक्के पेट्रोल उडून जातं त्याला ७ ने गुणून बेरीज करायची. आकडा जितका मोठा, तितकं ते पेट्रोल उन्हाळ्यात त्रास देणार. म्हणून मे ते जुलै या महिन्यांसाठी ही मर्यादा इतर महिन्यांपेक्षा कडक ठेवलेली असते.

समजा वाफेचा दाब ३८ अंशांना ६० किलोपास्कल आहे. ढोबळ हिशोब केला तर ५५ अंशांच्या आसपास तो हवेच्या दाबाइतका, म्हणजे १०० किलोपास्कल होतो. दोन्ही दाब सारखे झाले की द्रवात बुडबुडे येतात. यालाच आपण उकळणं म्हणतो. बॉनेटखाली ५५ अंश म्हणजे काहीच नाही हो!

आता यात आणखी एक गंमत आहे. जुन्या गाडीत पेट्रोलची टाकी मागे आणि पंप पुढे, इंजिनला चिकटून असतो. आमच्याकडचे मिस्त्री त्याला ए.सी. पंप म्हणतात. कॅमशाफ्टच्या धक्क्याने आतला डायफ्राम वरखाली होतो आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. ओढून आणतो म्हणजे नळीतला दाब हवेपेक्षा कमी करतो. स्ट्रॉने उसाचा रस पिताना आपण हेच करतो. आणि दाब कमी झाला की उकळण्याचं तापमानही खाली येतं. कुकरमध्ये जे होतं, त्याच्या बरोबर उलट. फिल्टर चोक असेल तर पंपाला जास्त जोर लावावा लागतो, दाब आणखी पडतो, आणि पेट्रोल पन्नाशीच्या आतच उकळू शकतं. म्हणजे हवेच्या पाऱ्यापेक्षा फक्त दोनचार अंश वर!

दोन वेगळे आजार

उष्णतेने पेट्रोलच्या बाजूला जे बिघाड होतात, ते मुख्यतः दोन. लोक दोघांनाही 'गाडीने गॅस पकडला' म्हणतात. पण दोन्ही एकमेकांच्या उलट आहेत.

पहिला व्हेपर लॉक. पंपात किंवा पंपाकडे येणाऱ्या नळीत पेट्रोलची वाफ होते. द्रव पेट्रोलची वाफ झाली की ती साधारण २०० पट जागा व्यापते. डायफ्राम हलत राहतो, पण तो वाफ दाबतो आणि सोडतो, पेट्रोल पुढे जातच नाही. कार्ब्युरेटरच्या बाउलमध्ये जेवढं शिल्लक आहे तेवढं संपलं की गाडी आचके द्यायला लागते आणि बंद पडते. अगदी टाकीतलं पेट्रोल संपल्यासारखं वाटतं. इंजिन उपाशी मरतं.

दुसरा पर्कोलेशन. यात गाडी चालताना काही होत नाही. तुम्ही चहाला थांबता, इंजिन बंद करता. बंद केल्याबरोबर फॅन थांबतो, पाण्याचं फिरणं थांबतं, पण तापलेल्या लोखंडातली उष्णता कुठे जाणार? ती वर कार्ब्युरेटरमध्ये चढते. म्हणून बॉनेटखालचं तापमान गाडी बंद केल्यानंतर पहिली दहा-वीस मिनिटं वाढतच राहतं. बाउलमधलं पेट्रोल उकळतं आणि जेटमधून उतू जाऊन खाली मॅनिफोल्डमध्ये सांडतं. दूध उतू जातं तसंच. परत येऊन सेल्फ मारला की इंजिन पेट्रोलमध्ये बुडालेलं असतं. पेट्रोलचा वास येतो, प्लग ओले होतात, आणि कशीबशी सुरू झालीच तर मागून काळा धूर निघतो. इथे इंजिन अजीर्णाने मरतं.

उपाशी माणसाला आणि अजीर्ण झालेल्या माणसाला एकच औषध देऊन कसं चालेल? व्हेपर लॉकमध्ये इंजिनला पेट्रोल हवं असतं. पर्कोलेशनमध्ये हवा हवी असते. तिथे ऍक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून तसाच धरायचा आणि सेल्फ मारायचा, म्हणजे थ्रॉटल पूर्ण उघडून साचलेली वाफ बाहेर पडते. आपण घाबरून पाय वरखाली करतो. प्रत्येक दाबाला कार्ब्युरेटर आणखी एक पिचकारी मारतो, आणि होतं नव्हतं ते सगळं बिघडतं.

सोंग घेणारे

मित्रांनो, खरी अडचण इथून सुरू होते. गरम झाल्यावर गाडी बंद पडणं आणि थंड झाल्यावर सुरू होणं, हे लक्षण पेट्रोलच्या मालकीचं नाही. तेच सोंग घेणारे आणखी बरेच आहेत.

सर्वांत पक्का बहुरूपी म्हणजे कंडेन्सर. डिस्ट्रिब्यूटरवर, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत डेल्कोवर, अंगठ्याएवढी एक नळकांडी असते. पॉइंट उघडताना ठिणगी पॉइंटवरच पडू नये आणि कॉइलचा करंट झटक्यात तुटावा म्हणून ती लागते. तिची क्षमता साधारण ०.२ मायक्रोफॅरड. आतलं इन्सुलेशन जुनं झालं की थंड असताना ती ठीक वागते आणि तापली की करंट गळायला लागतो. प्लगची ठिणगी निळ्याची पिवळी होते, गाडी मिसिंग करते, सायलेन्सरमधून फटाके फोडते आणि थांबते. अर्ध्या तासाने पुन्हा शहाण्यासारखी सुरू!

दुसरी कॉइल. आतली तार तापून फुगते आणि कुठेतरी जोड सुटतो. ही बहुधा आचके न देता, चावी फिरवल्यासारखी एकदम बंद पाडते.

तिसरं टाकीचं झाकण. त्याचं बारीक भोक बुजलं तर पेट्रोल जाईल तसतशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंप थकतो. थांबून राहिलं की हळूहळू हवा शिरते आणि गाडी सुरू होते. आपल्याला वाटतं, थंड झाली म्हणून!

चौथी रबरी नळी. पंपाच्या अलीकडच्या नळीला चीर असेल तर पेट्रोल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. तापल्यावर रबर सैल पडतं आणि चीर उघडते. आता आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलला जुन्या गाड्यांच्या जुन्या रबराचं वावडं आहे, त्यामुळे अशा चिरा जास्त दिसतात. शिवाय इथेनॉल थोड्या प्रमाणात मिसळलं की पेट्रोलच्या हलक्या घटकांना लवकर उडायला मदतच होते.

मी काय केलं?

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. मी नुकतीच फर्स्ट इयरची परीक्षा देऊन घरी आले होते. आबाजी मला घ्यायला चंद्रपूरला आले. परत जाताना चिचपल्लीच्या पुढे जंगलात गाडीने आचके दिले आणि बंद पडली. आबाजी म्हणाले, "हे दुसऱ्यांदा झालं. आता भंगारात देऊन टाकतो."

मला तर तोंडपाठ होतं! उन्हाळा, ४५ अंश, मेकॅनिकल पंप. व्हेपर लॉक! मी बॉनेट उघडलं, वॉटरबॅगचं पाणी रुमालावर ओतलं आणि रुमाल ए.सी. पंपावर ठेवला. आम्ही मोहाच्या झाडाखाली बसलो. पंचवीस मिनिटांनी सेल्फ मारला, आणि पहिल्याच झटक्यात सुरू! आबाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला डिग्री तिथेच मिळाल्यासारखी वाटली.

घरी आल्यावर मी सगळ्यांना फळ्यावर लिहिल्यासारखं समजावून सांगितलं. पंपाचं नवीन किट टाकलं, फिल्टर बदलला, पेट्रोलच्या नळीला एक्झॉस्टपासून लांब नेऊन वर पत्र्याची आड लावली. आबाजींनी भंगाराचा विषय बंद केला.

दहा-बारा दिवसांनी आजीला तपासणीसाठी गडचिरोलीला न्यायचं होतं. आबाजी म्हणाले, सकाळी सातला निघू. सकाळी लाइट गेले, पाणी आलं नाही, उशीर होत गेला. दुपारचा एक वाजला. आबाजी म्हणाले, उद्या जाऊ. मी म्हणाले, "आता काही होत नाही आबाजी, आपण पंप नवीन टाकलाय."

व्याहाड सोडलं आणि वैनगंगेच्या पुलाच्या अलीकडे गाडी बंद पडली. दोन्हीकडे धानाच्या कोरड्या बांध्या, जवळ झाड नाही. मी पुन्हा पंपावर ओला रुमाल ठेवला. काही नाही. पुन्हा पाणी ओतलं. वीस-पंचवीस मिनिटांनी सुरू झाली, अर्धा किलोमीटर गेली, पुन्हा बंद. मागच्या सीटवर आजी आधी "पाणी दे" म्हणत होती, मग ती काहीच म्हणेना. चेहरा लाल, अंग तापलेलं. पंपावरचा रुमाल काढून मी तिच्या कपाळावर ठेवायला गेले, तर बाटलीत पाणीच उरलं नव्हतं. सगळं पंपावर ओतलं होतं.

एका काळीपिवळी जीपवाल्याने थांबून तिला आणि आबाजींना दवाखान्यात पोचवलं. दोन सलाइन लागल्या. संध्याकाळी ती बोलायला लागली. डॉक्टर आबाजींना म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. हे मी इथे लिहिताना सोपं वाटतंय, पण तेव्हा गाडीजवळ एकटी उभी असताना मला जे वाटलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

सावलीहून आबाजींच्या ओळखीचे मिस्त्री मोटरसायकलवर आले. त्यांनी पंपाकडे बघितलंही नाही. विचारलं, "करंट पाह्यला का, बाई?"

"नाही. पेट्रोलची वाफ होते ना काका..."

"करंट नाही पाह्यला, मंग पेट्रोलले काऊन दोष देता?"

त्यांनी एक प्लग काढून बॉडीला टेकवला आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी होती, पण मेलेली, पिवळी. खिशातल्या डबीतून कंडेन्सर काढला, दहा मिनिटांत बदलला. ठिणगी निळी झाली, टकटक आवाज यायला लागला. गाडी सुरू झाली ती त्या कारणाने आजपर्यंत बंद पडलेली नाही. कंडेन्सरची किंमत दीडशे रुपयांच्या आत होती.

ओला रुमाल का फसवतो?

मग चिचपल्लीला ओल्या रुमालाने गाडी सुरू कशी झाली? सुरू रुमालाने झालीच नव्हती. बॉनेट उघडं ठेवून पंचवीस मिनिटं थांबलं की पंप थंड होतो, कंडेन्सर थंड होतो, कॉइल थंड होते, मॅनिफोल्डमधलं जास्तीचं पेट्रोल उडून जातं, टाकीतही हवा शिरते. पाचही आजार त्या पंचवीस मिनिटांत बरे होतात. मग त्यातून कुठला आजार होता हे कळणार कसं? थांबणं हा उपाय आहे, तपासणी नाही. मी उपायालाच पुरावा समजले.

आमच्याकडे तापाची साथ नेहमीची. ताप आला की आशाताई घरी येतात आणि बोटाला टोचून रक्ताचा नमुना घेतात. गोळी त्यानंतर. थंडी वाजते म्हणजे मलेरियाच, असं त्या धरून चालत नाहीत. आधी गोळी दिली तर ताप उतरतो, पण ताप कशाचा होता ते कधीच कळत नाही. गाडीचंही तेच. बिघाड अंगात असतानाच, म्हणजे बंद पडल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच तपासायचं. थंड झालेल्या गाडीत शोधायला काही उरत नाही.

पहिल्या पाच मिनिटांत काय बघायचं?

आधी माणसं, मग गाडी. म्हातारी माणसं, मुलं असतील तर त्यांना आधी सावलीत किंवा मिळेल त्या वाहनाने पुढे पाठवा. पिण्याचं पाणी गाडीला लावायचं नाही. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. सिगारेटवाल्या मदतनिसाला लांब ठेवायचं.

एक, टाकीचं झाकण उघडा आणि ऐका. 'फुस्स' आवाज येईलच, पण तो कुठल्या दिशेने? वाफ बाहेर आली तर उन्हाळ्यात ते साहजिक आहे. हवा आत ओढली गेली आणि नंतर गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचं भोक बुजलंय.

दोन, एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या गळ्यात बघा. इंजिन बंद ठेवून हाताने थ्रॉटल एकदा हलवा. पेट्रोलची सरळ पिचकारी आली तर बाउलमध्ये पेट्रोल आहे, म्हणजे व्हेपर लॉक नाही. काहीच आलं नाही किंवा नुसता फेस आला तर बाउल रिकामा आहे. आणि न हलवताच आतून पेट्रोल ठिबकत असेल, सगळं ओलं दिसत असेल, तर ते पर्कोलेशन. एवढ्या एका तपासणीने अर्धं काम होतं.

तीन, करंट. जवळ एक जादा प्लग असू द्या. प्लगची एक वायर काढून त्या जादा प्लगला लावा, प्लगचं अंग कार्ब्युरेटरपासून लांब इंजिनच्या लोखंडाला टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. पेट्रोलचा वास येत असेल, काही ओलं असेल, तर हे करायचं नाही, आग लागते. ठिणगी निळी आणि ठसठशीत असेल तर इग्निशन निर्दोष. पिवळी, बारीक, अधूनमधून असेल तर कंडेन्सर, पॉइंट, कॉइल या क्रमाने बघा. माझ्यासारखं पेट्रोलच्या मागे लागू नका.

चार, बाउल रिकामा आणि करंट चांगला, असं असेल तरच पंपाकडे वळा. पंपाच्या अलीकडे पारदर्शक फिल्टर असेल तर सेल्फ मारताना त्यात बघा. थोडी हवा नेहमीच दिसते, पण बुडबुड्यांची माळ लागली असेल तर एकतर वाफ होतेय किंवा नळीतून हवा येतेय.

पाच, आता ओला रुमाल! पण फक्त पंपावर आणि नळीवर. तापलेल्या मॅनिफोल्डवर पाणी ओतू नका, लोखंड तडकतं. आणि घड्याळ लावून बघा. दोन-तीन मिनिटांत पिचकारी परत आली तर व्हेपर लॉक पक्का, कारण तेवढ्या वेळात बाकी काही थंड झालेलं नसतं. पंचवीस मिनिटं लागली तर रुमालाने काही सिद्ध केलं नाही. रुमाल सुकला असेल तर नळीची रबरं चाचपा.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मात्र कायम पाळायचा. दोन गोष्टी एकदम केल्या तर श्रेय कोणाला द्यायचं?

निदान झाल्यावर

व्हेपर लॉक खराच निघाला तर फिल्टर स्वच्छ ठेवा, पंपाचा डायफ्राम आणि रबरी नळ्या बदला, नळी एक्झॉस्टपासून दूर न्या. अमेरिकेत जुन्या काळी लोक पेट्रोलच्या नळीला कपड्यांचे लाकडी चिमटे लावायचे. त्याने श्रद्धेपलीकडे फार काही होत असेल असं हिशोबाने तरी वाटत नाही. पक्का उपाय म्हणजे टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप. तो ओढत नाही, ढकलतो. दाब वाढला की पेट्रोल सहज उकळत नाही. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये पंप टाकीतच बुडवलेला असतो आणि नळीत हवेच्या दाबाच्या तिप्पट दाब असतो, म्हणून त्या गाड्यांना हा आजार जवळपास होत नाही.

पर्कोलेशन असेल तर कार्ब्युरेटरखाली बॅकेलाइटचं जाड पॅकिंग टाका, म्हणजे उष्णता वर चढत नाही. फ्लोटची लेव्हल बघून घ्या. भर उन्हात थांबलात तर बॉनेट थोडा वेळ उघडून ठेवा.

आमच्या गाडीला हासुद्धा त्रास निघाला, बरं का! कंडेन्सर बदलल्यावर पुढच्याच आठवड्यात मूलला चहासाठी थांबलो आणि परत आल्यावर गाडी सुरू होईना. या वेळी मी रुमाल काढला नाही. फिल्टर काढून गळ्यात बघितलं. ओलं होतं, ठिबकत होतं. ऍक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला, सेल्फ मारला, काळा धूर सोडत सुरू झाली. नंतर पॅकिंग टाकून घेतलं. म्हणजे उष्णतेचा आजार गाडीत होताच. पण आजीला ज्या दिवशी त्रास झाला, त्या दिवशी तो नव्हता.

बुलेट आणि राजदूतवाल्यांनो, तुमची टाकी वर असते, पेट्रोल आपोआप खाली येतं, ओढणारा पंप नसतो. त्यामुळे उन्हात बंद पडली की 'वाफ झाली' म्हणायच्या आधी टाकीचं झाकण आणि पॉइंट-कंडेन्सर बघा. तीन गोष्टी सोबत ठेवा: एक जादा प्लग, एक कंडेन्सर आणि पिण्याच्या पाण्याची एक बाटली, जी गाडीवर ओतायची नाही.

आणि शेवटचा मुद्दा. आपण इंजिनिअरिंगला आहोत, आपल्याला कारणं भराभर सुचतात. सुचलेलं कारण पुस्तकातलं असेल तर ते खरंच वाटतं. व्हेपर लॉकचं सगळं थिअरी मला बरोबर येत होतं, त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. फक्त ते आमच्या गाडीला त्या दिवशी लागू नव्हतं, आणि ते तपासायला मला दोन मिनिटं लागली असती. मिस्त्रींनी कुठलंही कारण सांगितलं नाही. त्यांनी आधी विचारलं, "पाह्यलं का?"

आजी आता बरी आहे. त्या गाडीत ती अजूनही बसते, पण निघताना मला विचारते, "करंट पाह्यला का?" तिला करंट म्हणजे काय ते माहीत नाही. मी मात्र दर वेळी बॉनेट उघडून बघते.